काचेची डबी

कोरेगावच्या बाजारात अंगठीत खडे बसवणारा एक जण असतो. पुढ्यात दोन डब्या: एकीत चमचमता दगड, दुसरीत हुबेहूब तसलीच काच. काच जास्त चमकते, म्हणून गिऱ्हाईक हमखास तिलाच हात घालतं. मग हा मान वर न करता खेकसतो, "काच हाय ती!" कितीतरी गिऱ्हाइकं त्यानं अशीच घालवली.

परवा एक मावशी खडा फुटलेली अंगठी घेऊन आल्या. "मालकांची आठवण हाय रं. मिल्ट्रीतनं येताना आणल्याली. खडा अस्सल हाय, तसलाच बसव."

त्यानं फुटका तुकडा भिंगातून बघितला आणि गुपचूप काचेची डबी उघडली. मी बघतच राहिलो.

मावशींनी अंगठी उन्हात धरली. "व्हय, ह्योच!"

"मालकांनी आणलावता, अगदी तसलाच हाय, मावशी," तो म्हणाला. या वेळी मान वर करून.