मनकर्णाबाईंची भिंत

मनकर्णाबाईंचा विश्वास कुणावरच बसत नाही. पाहुण्यांनी आणलेला पेढासुद्धा त्या आधी मांजरीला देतात. मनाने मात्र वाईट नाहीत. माझ्या आजारपणात महिनाभर भाकरी त्यांच्याच घरून आली.

हिवरखेडात आमच्या समोरच त्यांचे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर. गेल्या हिवाळ्यात त्याची मागची भिंत खचली. मुलगा गजेंद्र म्हणाला, "माय, पाडून टाकू सारं. टिनाची खोली काढू." बाईंना उन्हाळ्यात टिनाखाली भाजून निघायचे नव्हते. शेवटी ठरले, भिंत नीट उभी राहिली तर धाबे राहील, नाही तर टिन.

मातीकाम जाणणारे अब्दुल सत्तार आले. पांढऱ्या मातीत गव्हाचे कुटार, म्हणजे भुसा, कालवून, तो गारा पायांनी तुडवून ते हातभर उंचीचा थर घालत आणि तो वाळेपर्यंत काम थांबवत.

"काहून रे सत्तार, दुसऱ्या गावचं काम धरलं ना?"

"थर सुकू द्या, काकू."

"आन् मातीत काळी मिसळली नाई कशावरून?"

"गाडी तर तुमच्यासमोरच खाली केली."

"मी पानी प्याले आत गेली होती तवा?"

सत्तार हसले. बाई हसल्या नाहीत. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून सत्तार गेले की त्या रोज एकाच कोपऱ्यावर तांब्याभर पाणी ओतून भेगा शोधू लागल्या. मी हटकले.

"गुरुजी, तुमी त्याच्या बाजूचे काहून?"

तिसरा थर चढला आणि तोच कोपरा ढासळला.

"झालं," गजेंद्र म्हणाला. "चाचा, माती खराब निघाली तुमची. उद्या टिनं आणतो."

सत्तारांनी पडलेले ढेकूळ फोडले. आत ओल होती. त्यांनी बाईंकडे पाहिले.

बाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले.

"त्याची माती चांगली हाय," त्या एकदम म्हणाल्या. "पानी मीनं टाकलं. रोज."

"काहून?" गजेंद्र ओरडला.

"पाह्याले."

"मंग पाह्यलं ना, काकू?" सत्तार म्हणाले. "आता या कोपऱ्याचा गारा तुमीच तुडवा."

गजेंद्रने आईकडे पाहिले. "आनखी एकडावच," तो म्हणाला.

बाईंनी लुगडे खोचले आणि गाऱ्यात उतरल्या. दोन-चार पावले तुडवून थांबल्या, वाकल्या, चिमूटभर गारा नाकाशी नेला.

"कुटार गव्हाचंच हाय ना रे?"