एका वेळी एकानंच बोलायचं

मी मुख्याध्यापिका झाले त्याच आठवड्यात शाळेच्या पाण्याच्या टाकीचा नळ तुटला, दोन शिक्षिका वेळापत्रकावरून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि एका मुलीचे वडील ऑफिसात येऊन टेबलावर मूठ आपटून गेले. इतकी वर्षं वर्गात शिकवलं होतं, पण त्या खुर्चीत बसल्यावर माझं मलाच कळेना की आधी उठायचं कुठल्या कामासाठी.

तेव्हा एका दुपारी दारात एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. "मी बस डेपोजवळच्या शाळेची मुख्याध्यापिका," त्या म्हणाल्या. "आपल्या मुख्याध्यापक संघानं मला तुमच्याशी जोडून दिलंय. चहा मिळेल का?"

मी माझी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती नाकारली आणि पालक बसतात त्या बाकावर बसल्या. मी तासभर रडगाणं गायलं. त्या चहा पीत ऐकत होत्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "नळ आजच दुरुस्त करून घ्या. त्या दोघींचं आठवडाभर तसंच राहू द्या, अबोला धरूनही पोरांना शिकवता येतं. आणि ते वडील परत येतील तेव्हा ऑफिसात बसू नका, फाटकाशी उभ्या राहा. तिथे मूठ आपटायला टेबल नसतं."

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी आलेच. फाटकाशी आपटायला काही मिळालं नाही, तेव्हा त्यांना बोलावं लागलं. शेवटच्या बाकावरून त्यांच्या मुलीला फळा दिसत नव्हता, एवढंच होतं. मी तिला पुढे बसवलं. वर्षभर बाई अशा येत राहिल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मला आठवत नाही, पण मी त्या नोकरीत टिकले ती त्यांच्यामुळे.

त्या संघाच्या कार्यकारिणीवर कशा गेल्या, ही गंमतच होती. सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांची वार्षिक सभा चालू होती. बाई शाळेत फोन करायला म्हणून बाहेर गेल्या. परत येऊन पाहतात तर शेजारच्या शाळेच्या सरांनी त्यांचं नाव सुचवलेलं, कुणीतरी अनुमोदन दिलेलं आणि टाळ्याही वाजून झालेल्या. घरी सांगितलं तेव्हा त्यांची नणंद म्हणाली, "वहिनी, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. नाही म्हणायला तोंड नव्हतं का तुम्हाला?" बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून ते काहीतरी पुटपुटले. ते कायमच पुटपुटायचे. बाईंनी तो होकार समजला.

संघाचं ऑफिस म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर कपातला चहा थरथरायचा. दोन टेबलं जोडून एक केलेलं, त्यात एक बोटभर उंच, त्यामुळे लिहिताना हात अडखळायचा. पंख्याची एक पाती वाकलेली होती आणि ती दर फेऱ्याला टक्‌ करायची. पण खरा आवाज होता तो माणसांचा. कार्यकारिणीतला प्रत्येकजण आपापल्या शाळेत शेवटचा शब्द बोलणारा. असे सगळे एका टेबलाभोवती बसवले की पहिला शब्दही कुणाला पुरा करता येत नाही. अध्यक्ष उंच, शांत स्वभावाचे. ते मधूनमधून टेबलावर डस्टर आपटायचे, तेवढ्यापुरतं थांबायचं. सगळ्यांत लांबण लावायचे ते एक जाडजूड सर. त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा मुद्दा असा' इथून सुरू व्हायचं आणि मुद्दा काही यायचा नाही. सगळे त्यांना मुद्देसर म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

त्या गोंधळात बाईंनी पहिल्या वर्षी एक गोष्ट मंजूर करून घेतली. नवा मुख्याध्यापक नेमला की संघानं त्याला एक जुना जोडीदार द्यायचा, वर्षभरासाठी. बाई स्वतः नव्या होत्या तेव्हा सामानाच्या खोलीत दार लावून रडल्या होत्या. विचारायला कुणी नव्हतं. "आपण माणसाला विहिरीत ढकलतो आणि काठावरून टाळ्या वाजवतो," त्या बैठकीत म्हणाल्या होत्या. त्या योजनेतूनच त्या माझ्या दारात आल्या होत्या.

पुढच्या हिवाळ्यात बाईंना ताप आला, कान वाहिला, आणि ताप गेला तरी कान परत आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, डावा गेला, उजवा निम्मा राहिला. बाईंनी हे बाहेर कुणाला सांगितलं नाही. शाळेत अडचण आली नाही. मुलं हुशार असतात. बाईंसमोर येऊन तोंडाकडे बघून बोलायचं, हे त्यांनी न सांगता शिकून घेतलं. घरी मात्र यजमानांची पंचाईत झाली. जन्मभर जे पुटपुटत आले ते आता मोठ्यानं सांगणं भाग होतं. नणंद म्हणाली, "दादाचा आवाज असा आहे होय? मला आत्ता कळतंय."

बैठकीत मात्र बाई हरवल्या. छापखाना, पंखा आणि सगळ्यांचं एकदम बोलणं यांचा एकच गोळा होऊन कानावर यायचा. लोक हसले की त्या हसायच्या, माना हलल्या की मान हलवायच्या. कुणी मागून नमस्कार केला तर कळायचं नाही. मग बाईंना शिंगं फुटली, असंही दोघं-तिघं बोलले.

आणि मग ती बैठक झाली. बोलाचाली बराच वेळ चालली होती. अध्यक्षांनी डस्टर आपटून काहीतरी विचारलं. हात वर झाले. बाईंनीही केला.

बैठक संपल्यावर जिन्यात मुद्देसर त्यांच्या पुढे आले. खालचं यंत्र तेव्हा थांबलं होतं, आणि सर एकटेच बोलत होते. "बाई, मन मोठं हो तुमचं," ते म्हणाले. "स्वतः सुरू केलेली योजना थांबवायला स्वतः हात वर केलात. आम्हाला नसतं जमलं."

बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. "जोडीदारांची?" त्यांनी विचारलं.

"तीच की. जायला-यायला माणसं मिळत नाहीत म्हणून."

घरी येऊन बाई यजमानांच्या कामाच्या टेबलासमोर स्टुलावर बसल्या. त्यांनी भिंग काढून ठेवलं. बाईंनी सगळं सांगितलं. "उद्या राजीनामा देते," त्या म्हणाल्या. "मी तिथे नुसती मान हलवायला बसते. दाराशी नंदीबैल उभा केला तर तोही तेवढं करील."

"द्यायचा तर दे," यजमान मोठ्यानं म्हणाले. "पण तुला ऐकू येत नाही, हे त्यांना सांगितलंस का?"

"नाही."

"मग त्यांना तरी ते कसं ऐकू येणार?"

नणंद दारातच उभी होती. तिनं आत येऊन वहिनींसमोर पाण्याचा पेला ठेवला.

पुढचं मला बाईंनी सांगितलं, आणि काही वर्षांनी मी स्वतः कार्यकारिणीवर गेले तेव्हा मुद्देसरांनी त्यांच्या बाजूनं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता, फक्त मुद्देसरांना जास्त वेळ लागला.

पुढच्या बैठकीआधी बाईंनी अध्यक्षांना सांगून ठेवलं होतं की मला सुरुवातीला दोन मिनिटं हवीत. त्या उभ्या राहिल्या. "मागच्या वेळी मी हात वर केला," त्या म्हणाल्या. "कशासाठी ते मला माहीत नव्हतं. मला एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं अर्धवट येतं. ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवली, कारण मला लाज वाटत होती. माझ्या जागी दुसरं कुणीतरी घ्या. पण जाताना एवढं सांगते, ती योजना थांबावी असं मला वाटत नाही."

अध्यक्षांनी डस्टर हातात घेतलं, पण आपटलं नाही. "एक विचारतो," ते सगळ्यांना म्हणाले. "मागच्या बैठकीत नेमकं काय ठरलं, हे कोण सांगेल?"

एकानं सांगितलं, योजना वर्षभर थांबवायची. दुसरा म्हणाला, वर्षभर कसली, कायमची. तिसऱ्या बाई म्हणाल्या, छे, फक्त लांबच्या शाळांपुरती. तिघंही मागच्या वेळी हात वर करून बसले होते.

"माझा मुद्दा असा," मुद्देसर म्हणाले आणि सगळ्यांनी उसासा टाकला. पण या वेळी मुद्दा आला. "मीही हात वर केला. मला वाटलं, अजून चहा कुणाकुणाला हवाय, ते विचारताहेत."

"अहो, मग जिन्यात माझी पाठ कशाबद्दल थोपटलीत?" बाईंनी विचारलं.

"ते मला खाली उतरताना कुणीतरी सांगितलं."

आधी अध्यक्ष हसले, मग सगळे, आणि शेवटी बाईही हसल्या. या वेळी त्यांना नक्की ठाऊक होतं की कशाला हसताहेत. हसणं ओसरल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ठराव आपल्यापैकी कुणीच ऐकला नव्हता. बाईंना निदान कारण तरी आहे. तेव्हा राजीनामा नको. ठराव परत घेऊ, आणि आपण आपली वागणूक बदलू."

त्यांनी उठून पंखा बंद केला. त्या दिवसापासून बैठका छापखान्याच्या सुट्टीच्या दिवशी होऊ लागल्या. एका वेळी एकानंच बोलायचं, बोलायचं असेल तर हात वर करायचा, आणि मत घेण्याआधी ठराव एका वाक्यात सर्वांना ऐकवायचा, असे नियम झाले. जे आम्ही पहिलीच्या मुलांना शिकवतो ते पन्नाशीतल्या मुख्याध्यापकांना शिकायला बराच वेळ लागला. उन्हाळ्यात सगळे घामाघूम होऊन कागदानं वारा घ्यायचे, पण पंख्याच्या बटणाला कुणी हात लावला नाही. मुद्देसर आपली जागा सोडून बाईंच्या उजव्या हाताला येऊन बसले. काही निसटलं तर ते बाईंच्या कानाशी सांगायचे, आणि तेवढ्यात पुढचं निसटू नये म्हणून थोडक्यात सांगायचे. थोडक्यात बोलायची सवय त्यांना अशी लागली, निदान त्या खोलीपुरती.

जोडीदारांची योजना राहिली. लांबच्या शाळांना जवळपासचा माणूस शोधायचा, नाहीच मिळाला तर फोनवर बोलायचं, असं नीट बसून ठरलं. पहिल्यांदाच एखादी गोष्ट सगळ्यांनी ऐकून ठरवली होती, त्यामुळे ती पाळलीही गेली.

मला हे सांगताना बाई एकदा म्हणाल्या, "मी बहिरी झाले म्हणून निघाले होते गं. त्यांनी मला थांबवलं, आणि वर आपली बोलायची रीत बदलली. पुढे यंत्र घेतलं कानात, पण त्याआधी त्यांनी माझ्यासाठी घाम गाळला. असं कोण कुणासाठी करतं?"

त्या आणखी बरीच वर्षं कार्यकारिणीवर राहिल्या. मग शाळेतून निवृत्त झाल्या. संघानं निरोपाचा कार्यक्रम करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी तो नको म्हणून सांगितलं. सभागृहात आभार मानले तर समोरच्याचं उत्तर आपल्याला ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्या बसनं एकेकाच्या शाळेत गेल्या. ऑफिसात बसून, समोरासमोर, प्रत्येकाला त्यानं काय केलं ते सांगून आभार मानले. अध्यक्ष त्यांना पोचवायला फाटकापर्यंत आले. मुद्देसर सबंध मधली सुट्टी बोलत राहिले. घंटा झाली तरी ते मुद्द्यावर आले नव्हते, आणि बाई उठल्या नाहीत.

माझ्या शाळेत त्या सगळ्यात शेवटी आल्या. मी त्यांना काही बोलूच दिलं नाही. मीच त्यांचे आभार मानले. त्या पहिल्या आठवड्याचे, वर्षभराच्या त्या दुपारांचे, सगळ्याचे. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मी परत सांगितलं, जरा मोठ्यानं. बाहेरच्या वर्गातली मुलं खिडकीतून डोकावायला लागली. बाईंनी पदरानं डोळे टिपले. मी पहिल्या वेळी सांगितलं तेव्हाच त्यांना सगळं ऐकू आलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.