वीस सेकंदांचं भाषण

मोशोनमाग्यारोवार गावात बेकऱ्यांपेक्षा दातांचे दवाखाने जास्त. डॉक्टर वेन्देल यांच्या दवाखान्यात एतेल्काबाई एकतीस वर्षं मदतनीस होत्या आणि निळा दिवा कायम त्यांच्याच हातात असे. डॉक्टर दातात मऊ मसाल्याचा थर भरत, बाई त्यावर दिवा धरत. वीस सेकंदांत थर कडक. तेवढा वेळ रोग्याने आ वासून गप्प पडायचं. या वीस सेकंदांत बाईंनी पोस्टमनला दारूबद्दल आणि पाद्रीबाबांना लांबलेल्या प्रवचनांबद्दल जे सुनावायचं ते सुनावून घेतलं होतं. उलट उत्तर कधी आलं नाही.

एका बुधवारी त्यांचा धाकटा भाऊ बोदोग खुर्चीत येऊन पडला. भोपळ्याच्या बिया फोडताना पुढचा दात तुटलेला, आणि शनिवारी मुलीचं लग्न. लग्नाचं आमंत्रण सगळ्या गावाला होतं, फक्त थोरली बहीण इल्का हिला नव्हतं. बापाच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड तिने न विचारता तोडलं, म्हणून बोदोगने सहा वर्षं अबोला धरलेला. इल्का भाचीसाठी उशांच्या अभ्र्यांवर भरतकाम करत बसली होती. ते द्यायचे कसे, हे तिला कळत नव्हतं.

डॉक्टरांनी बजावलं, "मान तसूभर हलली तर दात वाकडा बसेल. फोटोत तोच दिसेल."

पहिल्या थरावर बाईंनी अभ्र्यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्यावर, लहानपणी बोदोगला गोवर आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं ते. बोदोगच्या घशातून घुर्र आवाज आला.

तिसऱ्या थराला त्या शांतपणे म्हणाल्या, "मोठ्या ताईला बोलवायचं नसेल, तर मान हलव."

बोदोगने खुर्चीचा हात घट्ट धरला. मान हलली नाही. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आणखी एक थर देऊ या. मजबूत होईल."

दात घासून गुळगुळीत झाला. बोदोग उठून बसला आणि पुरता तापला. "ताई, ही शुद्ध लबाडी आहे. मी हो म्हणालोच नाही."

"नाही तरी कुठे म्हणालास?"

तो बराच वेळ नव्या दातावरून जीभ फिरवत राहिला. मग पुटपुटला, "शनिवारी अकराला. सांग तिला."

"मी कशाला सांगू?" बाईंनी फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. "तोंड आता तुझंच आहे."