सरांची खडखड

वडील पिंगळीच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर त्यांच्या मोटारसायकलचं इंजिन मी घरीच, अंगणात उघडलं. माझ्यासोबत गाडीवर भटकणारे तिघं मदतीला आले. चौथा माणूस कुणासोबत आला, ते कुणालाच माहीत नव्हतं. तो न बोलता आईच्या परातीत डिझेल ओतून नटबोल्ट भांड्यांसारखे घासत बसला.

संध्याकाळी गाडी सुरू झाली, अगदी नव्यासारखी, मऊ आवाजात. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो चौथा माणूस हात पुसत म्हणाला, “सरांची खडखड गेली की ओ. ती ऐकू आली की आमी वर्गात गप बसायचो.”

दारातून आईनं विचारलं, “परत ढिलं करता येतंय का रे?”

ज्या मित्रानं दुपारभर खपून इंजिनातले खडखडणारे टॅपेट आवळून सेट केले होते, त्यानंच गाडी बंद करून पाना उचलला. थोड्या वेळानं खडखड पुन्हा सुरू झाली.

आम्ही सगळे गप बसलो.