जिलेबी, लिंबाची साल आणि वन्सं

सुरुवातीलाच कबूल करते: नवी सून असताना अर्धशिशी जावी म्हणून मी दिवस उगवायच्या आत, पूर्वेला तोंड करून, दुधात बुडवलेली जिलेबी खाल्ली. दुपारी डोकं दुखायचं थांबलं, तर गल्लीभर दवंडी पिटली. बावळटपणाचा नुसता कळस! तेव्हा माझ्या थोरल्या नणंदेनं, सेलूच्या वन्संनी, एवढंच विचारलं, "मागल्या बारीला जिलेबी नव्हती, तवा कशानं थांबलं?"

वन्संइतकं संशयी माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांना शोधून सापडायचं नाही. दूधवाल्यादेखत नखावर थेंब ओघळवून बघतात. फळवाल्यानं वाजवून दाखवलेलं कलिंगड ठेवून शेजारचं उचलतात. आमच्याकडे यायला निघाल्या की "गाडी पूर्णेलाच जायलीय न्हवं?" असं तिघांना वेगवेगळं विचारतात आणि तिघांचं उत्तर जुळलं की संगनमत समजून चौथा गाठतात. मोबाईलवर मी एखादा उपाय धाडला की त्यांचा फोन ठरलेला: "ज्यानं हे लिहिलं त्याचं डोकं कधी दुखलंय का, इचार आधी."

यंदा बारावीतल्या माझ्या नातीचं अर्धं डोकं ठणकायला लागलं. उजेड सोसेना, उलट्या, पुस्तक उघडलं की रडू. आणि माझी अक्कल अजून जिलेबीतच! मोबाईलवर आलं म्हणून तिच्या कपाळाला लिंबाची साल चोळून उन्हात बसवलं. कपाळ लालभडक, डोकं दुप्पट. वन्सं मिळेल त्या गाडीनं आल्या. "परीक्षा पोरीची हाय, तुझ्या लिंबाची न्हाई," म्हणत आम्हाला परभणीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या आणि तिथं त्यांचीच उलटतपासणी सुरू केली. "गोळी न खाणाऱ्याचं बी डोकं थांबतंच की!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "म्हणूनच आजी, नवं औषध पारखताना काहींना खरी गोळी देतात, काहींना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली, ते सांगत नाहीत. मग गुण मोजतात."

वन्सं माझ्या कानाशी लागल्या, "ही आपल्यातली हाय. हिला बी संशय हाय."

सल्ला मिळाला: दुखायला लागताच गोळी घ्यायची, पण ऊठसूट नाही, नाहीतर गोळ्यांनीच डोकं धरतं, जेवण-झोप वेळेवर. "हे घराण्यात असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी कुणाला व्हायचं?" मी हात वर केला. वन्संनी उलटतपासणी तिथंच आवरली.

दुखणं मुळापासून गेलं नाही, पण पोरीनं सगळे पेपर दिले. शेवटच्या दिवशी वन्सं माझ्याजवळ शेंगा फोडत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "त्या वक्ताला तू अंधारात पडून राहायचीस, तवा मला वाटायचं, कामाच्या कंटाळ्यानं सोंग करायलीय. जलमभर समद्यांवर संशय घेतला बाई, पडताळून घेतला. तुझ्यावरला तेवढा पडताळायचा राहिला."