मुलगा रुपया, मुलगी आठ आणे

पोटात उपास असला की तोंडाला फार काम मिळतं! अमरावतीच्या आमच्या गल्लीत सोमवार धरणाऱ्या आम्ही पाचजणी. देवाची कहाणी वाचून लवकर संपते. मग आमच्या सुरू होतात. सोळा सोमवारांत त्या इतक्या साठल्या, की त्यांचंही उद्यापन करावं म्हणते.

या खेपेचे सोमवार गल्लीतल्या यमुनेसाठी होते. दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस गेलेले. सासूने साफ सांगितलं होतं, "पुन्हा पोट्टी झाली, तं इले अचलपूरले माहेरी धाडीन. पोरासाठी अकोल्याची दुसरी सोयरीक तयार हाये. हजार रुपये हुंडा देऊन राहिले!"

*

आमच्यातली गोदामावशी वांगी विकते. वाफे तिचे, पाणी तिचं, डोक्यावरची टोपलीही तिचीच. एकदा गिऱ्हाइकानं वांगी घेतली अन् पैसे शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या हातावर ठेवले. मावशीनं पिशवीतली वांगी परत काढून घेतली!

"काहून बाई?"

"पैसे त्याले देल्ले नं? मंग मालबी त्याच्यापासूनच घ्या. माह्यापाशी वांगे हायेत, त्याच्यापाशी मिशा!"

*

आता माझंच. लक्षवातीचं व्रत केलं. दक्षिणेसाठी स्वतः वाती वळून विकल्या, सव्वा रुपया जमवला. गुरुजी म्हणाले, "यजमानांच्या हातून येऊ द्या. बायकोचा पैसा तो नवऱ्याचाच."

देवासमोर भांडू नये. पण हातही मागे घेतला नाही. तशीच उभी राहिले.

शेवटी आमचे हेच म्हणाले, "घ्या हो गुरुजी. तिचा उपास होता, तेव्हा मी दोनदा जेवलोय!"

*

एका सोमवारी यमुनेच्या सासूबाईंनी आमच्यासमोरच सुस्कारा टाकला, "पोट्टी म्हंजे घरातला खड्डा. बापानं भरत राहावं!"

गोदामावशी भगर निवडत म्हणाली, "तुमच्या बापानं कितीचा भरला व्हता, बाई?"

सासूबाईंना ठसका लागला. पाणी यमुनेनंच दिलं.

*

यमुनेला कळा सुरू झाल्या त्या सोळाव्या सोमवारी, भर दुपारी. सुईण साळूबाई आत, आम्ही ओसरीवर. संकल्पात सासूबाईंनी "नातू" म्हणायला सांगितलं होतं. मी हळूच "माय-लेकरू सुखरूप" म्हणून मोकळी झाले होते. देवानं माझं ऐकलं. मुलगी झाली!

सुइणीला मुलाचा रुपया आणि मुलीचे आठ आणे, हा रिवाज. मुलगाच होणार म्हणून सासूबाईंनी सकाळीच एका रुपयाला कुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला होता. आता तो उचलून कनवटीला लावला आणि साळूबाईपुढे आठ आणे ठेवले.

साळूबाईनं हात लावला नाही. "रुपया द्या. अन् वर हे आठ आणे."

"अवं, पोट्टी झाली! वरचे कायचे?"

"तुमचे! तुमचं माहेर याच गल्लीतलं नं? तुमी जलमल्या तवा सुईण माही माय व्हती. तिले आठच आणे भेटले. म्हातारी मरेपर्यंत म्हने, माह्या हातात तं पोट्टी पुरी आली व्हती!"

आत बाळ रडत होतं.

सासूबाई उठल्या. कनवटीचा कुंकवाचा रुपया काढला, आठ आण्यांवर ठेवला आणि सगळं साळूबाईच्या पदरात घातलं. मग दाराशी बसलेल्या आपल्या लेकाला म्हणाल्या,

"अकोल्याले निरोप धाड. म्हना, आमच्या घरी सून हाये!"