अकरा दिवसांसाठी आलेली बाई

गोजरबाई हिंगोलीच्या जुन्या लष्करी छावणीत आली ती अकरा दिवसांसाठी. राहिली अकरा वर्षं. तेवढ्या काळात तिला रडताना कुणी पाहिलं नाही. हसताना पाहिलं असं सांगणारा एक माणूस मला भेटला, पण त्याच्या बोलण्यावर माझा फारसा विश्वास नाही.

माझे वडील मार्तंडपंत तेव्हा हिंगोलीला ओव्हरसियर होते. नव्या आलेल्या तहसीलदारांना फुटबॉलचं भारी वेड. हैदराबादेत नुसतं खेळण्यासाठी पगारावर ठेवलेले संघ होते. असे संघ हिंगोलीला आणायचे, तिकीट लावून सामने भरवायचे, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यासाठी छावणीत पक्कं मैदान हवं, चारही बाजूंना दगडी पायऱ्या हव्यात, एका अंगाला सागवानी खांबांचा मंडप हवा. वडिलांनी नकाशा काढला. हळदीच्या अडत्यांनी पोत्यामागं काही वर्गणी कबूल केली. एका देशमुखांनी साग देऊ केला. मजुरी मात्र कुणी देणार नव्हतं. ती गावांवर बसली. आसपासच्या खेड्यांतून घरटी एक बैलगाडी वीस दिवस दगड आणि मुरूम वाहील, असा हुकूम निघाला.

पुसेगावहून सोनाजी आपली गाडी घेऊन आला, तो सदतीस सालच्या माघात. ऐन ज्वारी काढणीचे दिवस. बायकोला म्हणाला होता, "तू अन् रामकिशन मिळून उरका. मी वीस दिसांनी येतो." रामकिशन त्याचा धाकटा भाऊ.

नवव्या दिवशी खाणीत वरचा थर खाली आला. सोनाजी गाडीत दगड भरत होता. तो जागीच गेला. बैल सुटे करून सावलीत बांधले होते, म्हणून ते वाचले.

पाथरवटांचा म्होरक्या लखमा वडार सकाळीच म्हणाला होता की वरचा थर सुटलाय, आज काम नको. माझ्या वडिलांनी त्याला सांगितलं होतं, "आजचा दिवस काढा. उद्या पाडून घेऊ." हे वडिलांनी मला फार उशिरा, त्यांच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं.

सोनाजीला त्याच्याच गाडीतून पुसेगावला नेलं. गोजरबाईचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, तेव्हा बायकांनी तिला रडवायचा खूप प्रयत्न केला. ती बसून राहिली. सहा वर्षांची पारू तिच्या मांडीवर होती. पोरगी रडायची, मग झोपायची, मग उठून पुन्हा रडायची. गोजरबाई तिच्या पाठीवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होती.

तेरावं झालं आणि तहसिलीचा शिपाई हिरासिंग दारात आला. भला माणूस होता. मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "गाडीचे अकरा दिवस बाकी आहेत. मी काय करू? हुकूम आहे."

रामकिशन उसळला. "माणूस खाल्ला तुमी, अन् आता बैल मागता?"

"गाडी आली नाही तर बैल जप्त होतील, भाऊ."

रामकिशनची स्वतःची ज्वारी उभी होती, त्याच्या स्वतःच्या गाडीची पाळीही अजून यायची होती. तो बोलत राहिला. गोजरबाई आतून पदर सारखा करत आली.

"मी जाते."

"वैनी, तुमी काहून? लोक काय म्हणतेत?"

"गाडी मला हाकता येती," ती म्हणाली. लोकांबद्दल ती काही बोलली नाही.

पारूला जावेजवळ ठेवून ती निघाली.

छावणीत बाई गाडी घेऊन आलेली पाहून वडील चमकले. ती सोनाजीची बायको आहे हे हिरासिंगनं सांगितलं. तिला खाणीवर पाठवणं त्यांच्यानं होईना. त्यांनी तिचे बैल चुन्याच्या घाणीला लावले. गोल खणलेल्या चरात चुना, वाळू आणि पाणी टाकायचं, आणि बैलांनी दगडी चाक त्यावरून फिरवायचं. दिवसभर गोल. गोजरबाई बैलांच्या मागं चालायची. तिच्या लुगड्याचा काठ चुन्यानं पांढरा होऊन कडक झाला होता, पायाला भेगा पडल्या होत्या. ती ना थांबायची, ना घाई करायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी लखमा तिच्याजवळ आला. त्याला झोप लागत नव्हती. म्हणाला, "बाई, मी सांगितलं व्हतं साहेबाला. थर सुटलाय म्हणलं व्हतं. त्यांनी ऐकलं न्हाई."

"व्हय का," गोजरबाई म्हणाली. मग विचारलं, "हे बांधून काय करायचं हाय इथं?"

"चेंडू खेळायचा. चामड्याचा असतोय, आत हवा. लाथेनं मारायचा."

"अन् ह्या पायऱ्या?"

"बसून बघायला."

मग बैल पुढं झाले तशी तीही पुढं गेली.

अकरा दिवस संपले. हिरासिंगनं येऊन सांगितलं, "बाई, तुमचं झालं. जा आता घरी." तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा घाणीवर होती. वडिलांना वाटलं, तिला दिवसांचा हिशेब कळला नसेल. त्यांनी परत समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशीही ती आली. तेव्हा वडिलांनी तिचं नाव रोजंदारीवर लावून टाकलं आणि छावणीच्या जुन्या तबेल्यातली एक खोली तिला राहायला दिली.

रामकिशन न्यायला आला. बराच वेळ बोलला. आधी रागानं, मग गयावया करून. "पारू इचारती, माय कवा येती? काय सांगू तिला?"

"सांगा, काम हाय."

"वैनी, घरी काय कमी हाय तुमाला?"

"काही न्हाई भावजी. बैल घेऊन जा तुमी. रानात लागतेत."

तो बैल घेऊन गेला. तिनं घमेलं डोक्यावर घेतलं.

मला पुष्कळ वर्षं वाटायचं, की नवरा जिथं मेला तिथंच तिचा जीव गुंतला असेल. तसं काही दिसत मात्र नव्हतं. खाणीकडं ती कधी गेली नाही. सोनाजीचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. ती काम करायची, भाकर खायची, झोपायची.

एकदाच ती आपणहून बोलली. पश्चिमेच्या पायऱ्या उठल्या होत्या आणि पूर्वेचा पाया खणणं चाललं होतं. वडील दोरी धरून उभे होते. ती घमेलं खाली ठेवून म्हणाली, "साहेब, हे बसंल."

"काय बसेल?"

"भित्ताड. खाली काळी हाय. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतेत तिला, अन् पाणी लागलं की फुगती. आमच्या हिरीचं काठ दोनदा गेलं असंच. मुरूम लागंस्तवर खणा."

बांधकामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार हसला. वडील हसले नाहीत. त्यांनी चार हात खाली खणायला लावलं, तेव्हा पिवळा मुरूम लागला. पूर्वेचा पाया तिथून वर आला. पश्चिमेच्या पायऱ्यांना दोन वर्षांत भेगा गेल्या. पूर्वेच्या शेवटपर्यंत जशाच्या तशा होत्या.

बाकी दोन बाजू झाल्याच नाहीत. हळदीचा भाव पडला, अडत्यांनी हात आखडता घेतला. देशमुखांचा साग आला, पण त्याचे फक्त सहा खांब झाले आणि मंडपावर पत्र्याऐवजी बांबूचे तट्टे पडले. तहसीलदारांनी तरीही तारीख ठरवली. अडतीसच्या डिसेंबरात हैदराबादचा संघ रेल्वेनं हिंगोलीला उतरला. स्टेशनवर बँड होता. त्या दिवशी आमच्या घरी जेवायलाही कुणाला सवड नव्हती.

मैदानावर हरळी गोजरबाईनंच लावली होती. कयाधूच्या काठून मुळ्या आणायच्या, वीत वीत अंतरानं टोचायच्या आणि रोज पाणी द्यायचं. पावणेदोन वर्षांत मैदान हिरवंगार झालं होतं. सामन्याच्या दिवशी सकाळी तिनं गोलाच्या खांबांजवळची माती दाबली, पाणी शिंपडलं आणि पूर्वेच्या कोपऱ्यात पाण्याच्या रांजणाजवळ उभी राहिली. लोक इतके आले की झाडांवर बसले.

खेळ रंगला असताना चेंडू दोरीवरून उडून थेट तिच्या पायाशी आला. तिनं तो उचलला. खेळाडू हात पसरून ओरडत होता, लोक ओरडत होते. तिनं चेंडू दोन्ही हातांत तोलून पाहिला, जरा दाबून पाहिला.

"हलका हाय," ती म्हणाली. शेजारी लखमा होता, त्यानं ऐकलं. मग तिनं तो दिला.

संध्याकाळी लोक पांगले. तहसीलदारांनी वडिलांचा हार घालून सत्कार केला होता. तो हार हातात घेऊनच ते रांजणापाशी गेले.

"बाई, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी खाणीत काम थांबवू नका असं मी म्हणालो होतो."

"मला ठावं हाय. लखमानं सांगितलं."

"कधी?"

"मी आले तवाच."

वडील म्हणाले, "मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

गोजरबाईनं थोडा विचार केल्यासारखं केलं. "काय बोलू साहेब? तिकडं गोलापाशी पाणी तुंबलंय. पाट फोडून येते." आणि ती कुदळ घेऊन गेली.

त्या शेवटच्या आजारपणात वडील म्हणायचे, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी पुढं बरा जगलो असतो.

सामने तीन हिवाळे झाले. मग महायुद्ध वाढलं, संघ येईनासे झाले, तहसीलदारांची बदली झाली. नव्या साहेबांना शिकारीचा नाद होता. मैदानाकडं कुणी बघेना. तट्टे उडाले, सहापैकी दोन खांब कुणीतरी रातोरात नेले. वडील दर वर्षी माळी म्हणून गोजरबाईचं नाव पुढं पाठवायचे आणि वरून ते मंजूर होऊन यायचं, कारण कुणी वाचतच नव्हतं. ती पाणी घालायची, तण काढायची, गुरं हाकलायची. कुणी खेळणार नव्हतं हे तिला कळत नसेल असं नाही.

पारूचं लग्न रामकिशननं आखाडा बाळापूरला करून दिलं. गोजरबाई दोन दिवस गेली, मांडवाच्या कडेला बसली, अक्षता टाकल्या आणि परत आली. पारू सासरी जाताना चुलतीच्या गळ्यात पडून रडली. आईच्या ती पाया पडली.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मुलूख पेटला. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं उठून सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात गेली. आम्हीही वाशीमला मामांकडं जाऊन राहिलो. गोजरबाई तबेल्यातच होती. तिला कुणी हात लावला नाही, किंवा लावला असेल तर तिनं सांगितलं नाही.

सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि पाच दिवसांत सगळं संपलं. लोक परतू लागले. वाटेत हिंगोलीला दम खायला थांबायचे ते त्याच मैदानावर. पूर्वेच्या पायऱ्यांवर बिऱ्हाडं पडली. त्यात वऱ्हाडातून परतणारी होती, आणि आता उलट्या भीतीनं घर सोडून निघालेली काही मुसलमान कुटुंबंही होती. दोन्हीकडची लेकरं एकाच आवाजात रडत होती. गोजरबाई घागर घेऊन पायरीपायरीनं पाणी देत फिरायची. कोण कुठला हे तिनं एकालाही विचारलं नाही.

एका पायरीवर एक पोरसवदा बाई तान्हं लेकरू घेऊन बसली होती. तिचा नवरा सरपण शोधायला गेला होता. "तांब्या धर," म्हणून गोजरबाईनं त्यात पाणी ओतलं आणि ती पुढं निघाली.

"माय," ती बाई म्हणाली.

गोजरबाईला वाटलं, अजून पाणी हवंय. ती वळली.

"माय, मी पारू."

हे पारूबाईनं स्वतः मला सांगितलं, तेव्हा ती साठीची होती. म्हणाली, "तिनं मला वळखलं न्हाई. मला राग न्हाई आला. मी पन तिला आवाजावरून वळखलं."

गोजरबाई घागर खाली ठेवून पायरीवर बसली. लेकरू तापानं फणफणलं होतं. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला, पदर भिजवून त्याचं अंग पुसलं. बऱ्याच वेळानं पारूनं विचारलं, "माय, तू घरी काहून आली न्हाईस?"

"मला ठावं न्हाई," गोजरबाई म्हणाली.

"मी वाट पाहत व्हते."

"व्हय. पाहत असशील." पदर पुन्हा भिजवत ती म्हणाली, "मला काहीच वाटत नव्हतं, पारू. तुझ्याजवळ येऊन तुला काय देऊ? इथं पाणी घातलं की गवत तरी येत व्हतं."

दुसऱ्या दिवशी पारूचा नवरा गाडी जुंपायला लागला, तेव्हा लेकरू गोजरबाईच्या खांद्यावर होतं. ताप उतरला होता, पण ते तिला सोडेना. "बस गाडीत," पारू म्हणाली. गोजरबाई बसली. तिनं ना कुणाला विचारलं, ना कुणाला सांगितलं. वडील आठवड्यानं वाशीमहून परतले तेव्हा तबेल्याची खोली झाडून स्वच्छ केलेली होती.

बाळापूरला पारूचं घर लुटून नेलेलं होतं, पण भिंती होत्या. शेजाऱ्यांनी थोडी ज्वारी दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी गोजरबाई ती पाखडत बसली होती. पाखडता पाखडता तिचे हात थांबले आणि ती रडू लागली. हलक्या आवाजात, अडखळत. कसं रडायचं ते विसरल्यासारखी. शेजारणी जमल्या. कुणी विचारलं, काय झालं? कुणी म्हणालं, पाणी द्या.

पारूनं सगळ्यांना बाहेर घालवलं. आईच्या हातातून सूप काढून घेतलं आणि उरलेली ज्वारी तीच पाखडत बसली. संध्याकाळ झाली. मग तिनं चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, आणि दोघी जेवल्या.